जिंकणाऱ्याची मागणी

हातभर अंतरावरचा पट कुणी मला दिला तर माझी काही तक्रार नाही. गोल्फमध्ये सगळेच देतात. चेंडू भोकाच्या तोंडाशी येऊन बसलेला असतो, आता त्याला काठीनं हलकेच आत ढकलायचं तेवढं राहिलेलं असतं. त्या शेवटच्या ढकलण्याला पट म्हणतात. एवढं जवळ आलं की समोरचा म्हणतो, "दिला." तुम्ही चेंडू उचलता, तो आत गेला असं धरून पुढे चालू लागता. वेळ वाचतो, म्हाताऱ्या कमरांना वाकावं लागत नाही. पण चार-चार पावलांवरचे पट कुणी देऊ लागलं, आणि तेही हसतमुखानं, तर माणसानं काय समजायचं? मी समजलो की माझा खेळ सुधारलाय.

मी दातांचा डॉक्टर. बाजाराच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. आत दोन खुर्च्या. खिडकीकडची माझी, भिंतीकडची मुलीची. मुलगीही दातांचीच डॉक्टर, कॉलेजात शिकली असेल पण तयार झाली ती माझ्या हाताखाली. माझ्या उजव्या हाताला गेल्या वर्षापासून थोडा कंप आहे. थोडा. घरात त्याचा जेवढा बोभाटा झाला तेवढा तो नाही. चहाचा कप बशीवर वाजतो, एवढंच. पण एक दिवस मुलीनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आता ड्रिल खाली ठेवा. तुम्ही पेशंट बघा, काय करायचं ते मला सांगा. मी करते."

"मी सांगणार आणि तू करणार? म्हणजे मी आता तुझा कंपाउंडर?"

"तसं नाही हो."

"मग कसं? ज्या हातानं तुला ड्रिल धरायला शिकवलं तो हात आता तुला चालेना होय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पेपर उघडून बसलो. त्यानंतर बायको माझ्याशी कामापुरतं बोलू लागली, "जेवायला वाढलंय," "दिवा बंद करा," असं. मायलेकी एक झाल्या की मला घरात पाहुण्यासारखं वाटतं. पण मी ऐकणार नव्हतो. काम सोडलं तर मी उरतो काय? सकाळी उठून जायचं कुठे?

सगळ्याचं मूळ माझ्या वकील मित्राची बायको. वहिनी दात साफ करून घ्यायला आल्या होत्या. काम चालू असताना त्या हलल्या आणि खालच्या ओठाला जरासं लागलं. टाका घालावा लागला. त्या हलल्या होत्या, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो.

रविवारी सकाळी आम्ही चौघं खेळतो. मी, वकील, सर आणि साडू. वकील माझा शाळेपासूनचा मित्र. कुठल्याही गोष्टीवर दोन्ही बाजूंनी भांडू शकतो, आणि खेळतोही आमच्यात सगळ्यात चांगला. मला तो लाडानं दातपाड्या म्हणतो. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, वयानं थोरले, म्हणून त्यांना 'तुम्ही'. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, दोन्ही कवळ्या माझ्या हातच्या. आणि साडू म्हणजे खरोखरच माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं औषधांचं दुकान आहे. स्वभावानं लोण्याचा गोळा, कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नाही. गिऱ्हाइकानं उघडलेली बाटली परत आणली तरी घेतो आणि बायकोच्या शिव्या खातो.

मैदान म्हणाल तर नगरपालिकेचं. गवत अर्धं हिरवं, अर्धं पिवळं. आपापल्या काठ्यांची गाडी आपणच ओढायची. एका बाजूला पाण्याच्या टाकीची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता. खेळून झालं की पत्र्याखालच्या कँटीनमध्ये चहा, टोस्ट आणि एकमेकांची उणीदुणी.

पैज आमची पहिल्यापासून आहे, पण पैशांची नाही. पैसा आला की मैत्री गेली, असं सरांनी पहिल्याच रविवारी बजावलं होतं. वर्गात बजावावं तसं, बोट वर करून. मग ठरलं असं, की मैदानावरच्या अठरा भोकांपैकी प्रत्येक भोक, म्हणजे होल, ज्यानं कमी फटक्यांत संपवलं ते त्याचं. शेवटी ज्याच्याकडे जास्त होल तो जिंकला. आणि जिंकणाऱ्यानं बाकीच्या तिघांकडे एक मागणी करायची. काय वाटेल ती. अट एकच, हरलेल्यानं नाही म्हणायचं नाही.

काय काय मागण्या झाल्यात! सर जिंकले तेव्हा आम्हा तिघांना त्यांनी सुंदर अक्षरात एक-एक पान शुद्धलेखन लिहायला लावलं आणि लाल शाईनं तपासलं. वकिलाला नापास केलं, तो आठवडाभर धुमसत होता. वकिलानं एकदा मला त्याच्या ऑफिसात बसवून त्याच्या सगळ्यात चिकट अशिलाची कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला लावली. साडू जिंकला तेव्हा बिचारा मागणीच सुचेना म्हणून लाजला, मग म्हणाला, "माझ्या दुकानात या सगळे, मला एक शनिवार झोपू द्या." आम्ही तिघांनी त्याच्या काउंटरमागे उभं राहून खोकल्याची औषधं विकली. सर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी त्याची शाळा कुठली ते विचारत होते. इतक्या वर्षांत मागणीला कुणी नाही म्हटलेलं नाही. बायकांच्या शिव्या खाल्ल्या, गावात हसं झालं, पण नाही म्हटलं नाही. त्या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

तर गेल्या काही महिन्यांत मी जिंकू लागलो. लागोपाठ नाही, पण जिंकू लागलो. लांब फटका अंगानं मारायचा असतो, तिथे हात थोडा हलला तरी चालतो. अडचण यायची ती शेवटी, पट मारताना. तिथे मनगट जागच्या जागी राहावं लागतं, आणि माझं मनगट त्या वेळी नेमकं उडी मारतं. पण बहुतेक वेळा पट मारायची वेळच येत नव्हती. मी काठी हातात घेऊन चेंडूपाशी उभा राहिलो की कुणीतरी म्हणायचं, "दिला रे, उचल." कधी साडू, कधी सर, जास्त करून वकील. मीही उचलायचो. वाटायचं, म्हातारपणात यांना घाई झालीय.

घरी येऊन मी बायकोला सांगायचो, "आज परत जिंकलो."

"हं," ती म्हणायची.

"हं काय? हात थरथरतो म्हणता ना? थरथरणाऱ्या हाताचा माणूस जिंकेल काय वकिलाला?"

ती माझ्याकडे बघायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मला वाटायचं, निरुत्तर झाली.

त्या रविवारी हवा स्वच्छ होती आणि माझे लांब फटके कधी नव्हे ते सरळ जात होते. तेरा होल झाले तेव्हा वकील एका होलनं पुढे होता. चौदावं होल टाकीच्या भिंतीपाशी, जरा उंचावर आहे. तिथली भोकाभोवतीची हिरवळ एका अंगाला उतरती, आणि उताराच्या पायथ्याशी वाळूचा खड्डा. माझा चेंडू भोकापासून चांगला सात-आठ पावलं लांब होता. एवढा लांबचा पट तर हे देणार नव्हते. मी वाकलो, श्वास धरला, आणि मनगटानं घात केला. काठी हवी त्यापेक्षा जोरात बसली. चेंडू भोकाच्या दिशेनं निघाला.

"दिला, दिला! उचल!" वकील ओरडला.

चेंडू अजून पळत होता. भोकाच्या शेजारून गेला, थांबला नाही, उताराला लागला, आणखी वेग घेतला, आणि गडगडत जाऊन थेट वाळूच्या खड्ड्यात पडला.

सरांच्या तोंडून फक्त "अरेरे" आलं आणि त्यांनी लगेच कवळी घट्ट मिटली. वकिलाचा हात अजून वरच होता.

"काय दिलंस तू, वकील?" मी विचारलं.

"पट."

"कुठला पट? तो बघ कुठे आहे चेंडू."

"मी दिला तेव्हा तो चालू होता. दिला म्हणजे दिला, नंतर चेंडू कुठे गेला याच्याशी संबंध नाही." त्याच्या अंगात कोर्ट आलं होतं. "शब्द आधी, चेंडू नंतर."

"म्हणजे चेंडू कुठे जाणार हे न बघताच दिलास."

त्यानं वर धरलेला हात खाली घेतला. मी साडूकडे बघितलं. साडू आपल्या बुटाची नाडी बघत होता. सुटलेली नव्हती.

गेल्या कित्येक रविवारचे पट डोळ्यांपुढून जाऊ लागले. ती हसरी तोंडं, ती घाई, ते "उचल रे, उचल". हात् तिच्या! आणि मी घरी जाऊन बायकोपुढे छाती फुगवत होतो.

"कधीपासून चाललाय हा दानधर्म?" मी विचारलं.

"अरे, दानधर्म कसला..." साडू पुटपुटला.

"तू गप्प बस. सर, तुम्ही सांगा. तुम्ही मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं करत होतात. सांगा."

सरांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. "वहिनींच्या ओठाचं झालं ना, तेव्हापासून."

"त्या हलल्या होत्या!"

"हो, हलली असेल," वकील म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर ज्यानं मला एक वाक्य सुखानं पुरं करू दिलं नाही, तो त्या दिवशी चटकन मान्य करून मोकळा झाला. आजारी माणसाशी बोलतात तसा त्याचा आवाज होता. मला तिथेच त्याचा गळा धरावासा वाटला.

"तुझी लेक आली होती आमच्याकडे," सर म्हणाले. "तिघांकडेही. म्हणाली, काका, तुम्ही सांगा बाबांना, ते तुमचं ऐकतील. एखाद्याला मोठी इजा व्हायच्या आत सांगा."

"मग?"

"मग काय. कुणी सांगायचं यावर आमचंच ठरेना. वकील म्हणाला तुम्ही थोरले, तुम्ही सांगा. मी म्हटलं साडू घरातला, त्यानं सांगावं. साडू म्हणाला..."

"माझी हिंमत नाही झाली रे," साडू म्हणाला.

"म्हणून पट दिलेत."

"तुला बरं वाटायचं ना जिंकून," साडू म्हणाला, आणि हे बोलताना त्याचा चेहरा इतका भाबडा होता की मला त्याच्यावर धड चिडताही येईना. म्हणून मी दुप्पट चिडलो.

"ऐका," मी म्हटलं. "इथून पुढे कुणी कुणाला काही द्यायचं नाही. बोटभर राहिला तरी पट मारायचा. चौघांनीही. हे होल माझं गेलं. आता वकील दोननं पुढे. उरलेल्या चार होलमध्ये मी त्याला गाठलं आणि जिंकलो, तर माझी मागणी असेल, आणि ती तुम्ही तिघं पुरी करायची."

"आणि हरलास तर?" वकिलानं विचारलं.

"हरलो तर उद्यापासून कुणाच्या तोंडात हात घालणार नाही. ड्रिल, खुर्ची, पेशंट, सगळं मुलीचं. झालं समाधान?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला ते पाहणं कळलं. इतके महिने जे सांगायला यांना तोंड नव्हतं, ते आता सांगायचीही गरज उरली नव्हती. वकिलानं फक्त त्याला येतो तसा खेळ खेळायचा, बस्स. तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो. मला हरवायचं, पाठीवर हात ठेवायचा, चहा पाजायचा, संपलं. मुलीचं काम झालं असतं, आणि मीही, खरं सांगतो, हरलो असतो तर शब्दाला जागलो असतो. शिव्या घातल्या असत्या, पण जागलो असतो.

पंधरावं होल मी जिंकलं. वकिलाचा चेंडू झाडीत गेला. सोळावं बरोबरीत. सतराव्या होलला वकिलानं वाळूतून बाहेर यायला तीन फटके घेतले. वाळूतून एका फटक्यात बाहेर येणं ही तर त्याची ख्याती. मी म्हटलं, "वकील, नीट खेळ." तो म्हणाला, "नीटच खेळतोय, दातपाड्या. वाळू ओली आहे." वाळू कोरडी ठणठणीत होती.

अठराव्या होलला आम्ही बरोबरीत आलो. सर आणि साडू केव्हाच मागे पडले होते, ते काठ्यांच्या गाड्या धरून बाजूला उभे राहिले. वकिलाचा चेंडू भोकापासून हातभर. माझा त्याच्या दुप्पट लांब, पण तोपर्यंत माझा एक फटका त्याच्याहून कमी झाला होता. माझा आत गेला तर मी जिंकणार. माझा चुकला आणि त्याचा गेला तर बरोबरी, म्हणजे नियमाप्रमाणे आणखी एक होल. लांबचा म्हणून मी आधी मारायचा.

मी पट मारायला वाकलो. काठीचं टोक चेंडूमागे असं थरथरत होतं की गवताची पाती हलत होती. तिघांनाही ते दिसत होतं. मी डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि मारला. भोकाच्या अलीकडे, अगदी काठावर येऊन चेंडू थांबला. वीतभर राहिला. आता नुसता ढकलायचा, पण तेवढ्यात माझी आघाडी संपली होती.

आता वकील. हातभरावरचा पट. असले पट तो बोलता बोलता मारतो. त्या दिवशी तो वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मारला तो भोकाच्या बाजूनं, तळहाताएवढं अंतर सोडून. आंधळ्यानंही इतका वाईट मारला नसता. तो म्हणाला, "छे! गेला."

मी माझा वीतभरावरचा आत ढकलला. जिंकलो.

साडूनं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हात खिशात घातले. वकिलाच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. बघून काय करणार होतो? एवढा शहाणा माणूस, पण मित्राला हरवण्याएवढी हिंमत त्याच्यात नव्हती. मला तो हात धरून सांगू शकला नाही, आणि खेळून दाखवूही शकला नाही.

कँटीनमध्ये चहा आला. माझा कप बशीवर वाजला. तिघांनी तिकडे न बघण्याचा जो प्रयत्न केला तो बघवत नव्हता.

"माग," सर म्हणाले. "काय मागायचं ते माग."

"उद्या दुपारी तिघांनी माझ्या दवाखान्यात यायचं," मी म्हटलं. "माझ्या खुर्चीत बसायचं, तोंड उघडायचं, आणि जे काम असेल ते मला करू द्यायचं. मला, मुलीला नाही. वकील, तुझी वरची फिलिंग झिजलीय, मला ठाऊक आहे. सर, तुमची खालची कवळी हिरडीला घासते, ती तोंडात धरून बसवायला लागेल. आणि साडू, तुझी उजवीकडची दाढ. मध्यंतरी कित्येक महिने तू डावीकडनं चावत होतास, मी बघत नाही असं समजू नकोस."

सरांनी तोंडाशी नेलेला टोस्ट परत बशीत ठेवला.

"उद्या माझी तारीख आहे कोर्टात," वकील म्हणाला.

"मग परवा."

"परवाही."

"मग तू सांग कधी."

त्यानं चहात साखर ढवळली. विरघळून गेली तरी ढवळत राहिला. "माझ्याच्यानं नाही होणार रे," तो म्हणाला. "दुसरं काहीही माग. कोर्टाच्या दारात उलटा उभा राहतो. पण हे नको."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मागणीला नाही म्हटलं. मी सरांकडे वळलो. सरांनी दोन्ही हात गालांवर ठेवले होते, शाळेतल्या पोरासारखे. "माझं घासणं आता कमी झालंय," ते म्हणाले. "खरंच कमी झालंय."

तुम्हाला सांगतो, पट देताना यांचा हात कधी आखडला नाही. चार पावलं, सहा पावलं, चेंडू पळत असताना, घे बाबा, घे, जिंक. त्यात यांचं जात काय होतं? एक होल. स्वतःचं तोंड उघडायची वेळ आली तेव्हा दातखीळ बसली सगळ्यांची. मी उठणारच होतो, तेवढ्यात साडू म्हणाला, "मी येतो."

"काय?"

"उद्या येतो मी. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा." त्याचा आवाज बारीक होता, पण तो माझ्या डोळ्यांत बघत होता. "मागणी म्हणजे मागणी."

हाच तो, ज्याला मी आयुष्यभर लोण्याचा गोळा म्हणत आलो. त्या दिवशी वाटलं, चौघांत मर्द हा एकच. घरी जाऊन बायकोला म्हटलं, "तुझ्या बहिणीनं नवरा चांगला केला हो." तिनं चमकून पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मग ताटं घ्यायला वळली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून तयारी केली. हत्यारं स्वतः उकळून ठेवली. दुपारी जेवायला घरी गेलो नाही, उजव्या हातानं रबरी चेंडू दाबत बसलो. मुलगी भिंतीकडच्या खुर्चीपाशी काम करत होती. मी काय करतोय ते बघत होती, पण विचारत नव्हती. साडू वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. खुर्चीत बसला, दोन्ही हात पोटावर ठेवले.

"घाबरलास?" मी विचारलं.

"छे रे. तू आहेस ना."

मी दिवा खाली ओढला, आरसा घेतला. "उघड."

त्यानं तोंड उघडलं. मी उजवीकडची दाढ बघितली. मग आरसा पुसला आणि परत बघितली.

दाढेवर कॅप होती. नवी, चकचकीत, नीट बसवलेली. आजूबाजूची हिरडी गुलाबी, सूज नाही, काही नाही. काही महिने तरी झाले असतील. त्या तोंडात माझ्या हातानं करण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं. म्हणून तो आला होता.

आणखी एक गोष्ट दिसली, ती फक्त मलाच दिसू शकते. बाकीचे लोक कॅपची कड हिरडीखाली दडपतात, दिसायला बरं म्हणून. मी जिभेच्या बाजूला केसभर कड वर मोकळी सोडतो, म्हणजे ब्रश तिथपर्यंत पोचतो आणि दाढ आणखी वीस वर्षं टिकते. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मी एकाच व्यक्तीला शिकवलंय. तिच्या पहिल्या कॅपच्या वेळी त्या कडेवरून मी तिला तीनदा रडवलं होतं.

मी वळून बघितलं. मुलगी पाठमोरी, बेसिनपाशी हात धूत होती. धुतलेलेच हात पुन्हा धूत होती.

"कधी केलंस?" मी विचारलं.

नळ चालूच राहिला. "तुम्ही दुपारी जेवायला घरी जायचात तेव्हा," ती म्हणाली. "काकांना फार दुखत होतं, बाबा. मावशी म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस."

म्हणजे बायकोला ठाऊक, तिच्या बहिणीला ठाऊक, लेकीला ठाऊक. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच दिव्याखाली. आणि कँटीनमध्ये माझ्या डोळ्यांत डोळे घालून "मागणी म्हणजे मागणी" म्हणणारा हा माणूस. तो अजून तोंड उघडूनच बसला होता. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे चाललं होतं, आणि बोलता येत नसल्यामुळे तो नुसता माझ्याकडे बघत होता.

"मीट," मी म्हटलं.

"तू दुसऱ्या बाजूचे साफ कर ना," तो घाईघाईनं म्हणाला. "नुसते साफ कर. मी बसतो. कितीही वेळ बसतो."

कर म्हणत होता, आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसला होता. बोटं पांढरी पडली होती.

"काही गरज नाही," मी म्हटलं. "कॅप छान बसलीय. कड एकदम बरोबर आहे." हे मी त्याला सांगितलं, पण आवाज बेसिनपर्यंत जाईल एवढा काढला. तिकडे नळ बंद झाला.

"मग मागणी फिटली ना रे?" साडूनं विचारलं.

"फिटली."

त्यानं जो सुस्कारा सोडला तो खालच्या चपलांच्या दुकानातही ऐकू गेला असेल. मी दिवा वर ढकलला, खुर्ची खाली घेतली, अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला. मुलगी म्हणाली, "बाबा..." मी म्हटलं, "तुझा पेशंट खोळंबलाय बाहेर. खिडकीकडच्या खुर्चीवर घे, तिथे उजेड चांगला आहे." तिला पुढे काही बोलायला मी थांबलो नाही.

बाहेर येऊन पेशंटच्या बाकावर बसलो. एरवी त्या बाकावर मी कधी बसलेलो नाही. शेजारी एक बाई गालाला रुमाल लावून बसल्या होत्या, पहिल्यांदाच आलेल्या असाव्यात. खोळंबलेला पेशंट आत गेला आणि आतून ड्रिलचा आवाज सुरू झाला, सरळ, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. बाईंनी तो ऐकून डोळे मिटले, मग उघडून माझ्याकडे बघितलं.

"तुमचा नंबर कितवा हो?" त्यांनी विचारलं.

"माझं झालं," मी म्हटलं. "आता पुढचा तुमचा."